जुन्या फियाटच्या पुढच्या काचेभोवतीचा गंज: काम कोणत्या क्रमाने करायचं

पावसाळा सरला की साताऱ्यात जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, रबराच्या कडेला, रंगाला फुगा आलाय. गाडी कुणाची पद्मिनी असते, कुणाची त्याआधीची फियाट अकराशे. बहुतेकांनी हा गंज एकदा काढूनही घेतलेला असतो. वरून खरवडला, पुट्टी भरली, रंग मारला, दोन दिवसांत गाडी हातात. पुढच्या पावसात मेढा, कास, महाबळेश्वर अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की फुगा परत येतो, आणि आधीपेक्षा मोठा येतो.

माझ्या पद्मिनीवर मी स्वतः हे दोनदा होऊ दिलं. तिसऱ्या वेळी काच उतरवली तेव्हा डाव्या कोपऱ्यात, ज्यावर रबर बसतं ती चौकटीची कड वीतभर उरलेलीच नव्हती. पत्र्याच्या जागी आधीच्या दोन दुरुस्त्यांची पुट्टी होती आणि ती रबराला चिकटून उभी होती. तेव्हापासून मी भेटेल त्याला एकच सांगतो: काच काढल्याशिवाय या गंजाला हात लावू नका. बाकी सगळं त्यानंतर.

खालचा क्रम बंद टपाच्या फियाटसाठी लिहिलाय. स्टँडर्ड हेरल्ड किंवा उघड्या टपाची जुनी दोन सिटर गाडी असेल तरी क्रम हाच, फक्त कापकामाच्या टप्प्यावर जास्त काळजी लागते. ती तिथेच सांगतो.

## 1. आधी वेळ, जागा आणि रबर

हे काम दिवाळीनंतर हातात घ्या. फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात बरे. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा एका रात्रीत नारिंगी पडतो, आणि हवेत ओल असली की प्रायमरही नीट धरत नाही. साधारण 85 टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर प्रायमर मारूच नये. मात्र थंडीत साताऱ्यात सकाळी दव पडतं. गाडी शेडमध्ये असली तरी पत्रा गार असतो आणि त्यावर डोळ्याला न दिसणारी ओल बसते. म्हणून प्रायमर आणि रंग अकरा ते चारच्या दरम्यान. सांगलीकडे, विशेषतः जत-आटपाडीच्या बाजूला, हवा कोरडी असल्याने थोडी सवड मिळते, पण तिकडे वाऱ्याबरोबर धूळ उडते. ओल्या रंगावर ती बसली की पुन्हा घासणं आलं.

गाडी कमीत कमी पंधरा दिवस जागेवरून हलणार नाही हे घरात आधीच सांगून ठेवा. घाईचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आठवड्यावर लग्न आलेलं असतं आणि गाडी सजवून न्यायची असते. मग चार दिवस वाळायला हवं ते चार तासांत उरकलं जातं.

नवं रबर आधी आणा. जुनं कापण्यापूर्वी नवं रबर त्याच्या शेजारी धरून दोन गोष्टी बघा: काच बसते ती खाच आणि पत्र्याची कड बसते ती खाच. दुसरी खाच किती रुंद आहे हे व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. पुढे पत्रा जोडताना हा आकडा लागणार आहे. "फियाटचं" म्हणून दुकानात मिळणारं प्रत्येक रबर सारखं नसतं. काही इतकं कडक येतं की कोपऱ्यात वळतच नाही.

लागणारं बाकी सामान: 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर जाडीचा, छोटा ग्राइंडर, वायर कप, 80 पासून 400 पर्यंतचे पेपर, फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर, टू-के (हार्डनर मिसळून वापरायचं) एपॉक्सी प्रायमर, पीयू सीम सीलर (जोडांच्या फटीत भरायचा पॉलियुरेथेनचा लगदा), कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत आतून फवारायचं मेण) आणि पाच-सहा मिलिमीटरची गुळगुळीत नायलॉन दोरी. शेडवर घालतात तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा वापरू नका. वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळतं, तो धूर छातीत जाऊन रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि टाकाही स्वच्छ बसत नाही.

## 2. काच आणि आजूबाजूचं सामान उतरवणं

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग वायपरचे हात, आतला आरसा, सनव्हायझर आणि डॅशबोर्डचा वरचा भाग. टपाच्या आतलं अस्तर पुढच्या कडेपासून सोडवून किमान फूटभर मागे गुंडाळा. हे अस्तर रेक्झिनचं असतं आणि ठिणगी पडली की क्षणात पेट घेतं. वेल्डिंगच्या दिवशी आठवण होईल असं म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

रबरात क्रोमची पट्टी असेल तर ती सांध्यापासून हळूहळू काढा. एकदा मुरडली की पुन्हा सरळ दिसत नाही.

आता रबर. जुनं रबर वाचवायचा मोह सोडा. बाहेरच्या बाजूने धारदार कटरने ओठ पूर्ण कापून टाका, मग काच बाहेर ढकलणं सोपं होतं. एक माणूस आत, दोन्ही तळवे काचेच्या वरच्या कोपऱ्यांजवळ सपाट ठेवून सावकाश जोर देणारा. दुसरा बाहेर, झेलणारा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. टफन्ड काच असेल तर तिच्या कडेला लागलेला एक टोला सगळी काच दाण्यांत उतरवतो. लॅमिनेटेड असेल तर कडेपासून तडा धावतो.

तपासा: काच गोधडीवर, उभी न ठेवता आडवी ठेवली आहे का? तिच्या कडेला कुठे कपचा उडालाय का? कपचा असलेली काच पुन्हा बसवताना फुटण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा दुसरी काच आत्ताच शोधायला लागा.

## 3. गंजाचा ठाव घेणं

या टप्प्याला बहुतेक जण अर्धा तास देतात. मी एक पूर्ण दिवस देतो.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो आणि आपल्याला फुगा दिसतो. म्हणजे फुगा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. काचेच्या चौकटीची कड एकेरी पत्र्याची नसते. दोन-तीन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, आणि त्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की ते बाहेर यायला वाट नसते. रबर वय झालं की कडक होतं, कोपऱ्यात आखडतं, आणि धूळ खाचेत साचते. ती धूळ ओल धरून ठेवते. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी तिथला पत्रा ओलाच असतो.

सगळी कड वायर कपने रंग उडवून उघडी करा, फक्त फुगे असलेला भाग नव्हे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे मास्क लावा आणि घासकाम शक्यतो पाणी लावून करा. मग खिळ्यासारख्या टोकदार सुयाने दर बोटभर अंतरावर दाबत जा. चांगला पत्रा टणक लागतो, गंजलेला बिस्किटासारखा आत जातो. सुया गेला तिथे मार्करने गोल करा. गोल पुरे झाले की त्यांच्याभोवती दोन सेंटिमीटर बाहेरून रेघ मारा. कापायची रेघ ही.

खालचे दोन कोपरे, टपाच्या कडेचा मधला भाग आणि काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांची मुळं, या पाच जागा कधीही सोडू नका.

पाणी कुठून येतंय हेही याच वेळी बघा. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या खोलगट भागात पाला साचतो. चिंचेखाली किंवा वडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या गाडीत तर मूठ-मूठ निघतो. पाण्याची वाट त्याने बुजते आणि पाणी मागून चौकटीच्या मुळाशी उभं राहतं. वायपरच्या दांड्याखालची रबरं तडकलेली असतील तर तिथूनही पाणी आत झिरपतं. हे दोन्ही दुरुस्त न करता नुसता पत्रा बदललात तर नवा पत्राही त्याच जागी जाईल.

सावध: गाडी नुकतीच विकत घेतली असेल आणि ती सांगली-मिरज भागातली असेल, तर ऑगस्ट 2019 च्या महापुरात ती पाण्यात उभी होती का ते विचारा. विचारून समाधान झालं नाही तर पायाजवळचं बाजूचं कव्हर काढून खांबाच्या मुळात बोट घाला. बारीक, पिठासारखा वाळलेला गाळ हाताला लागला तर गंज आतून बाहेर येतोय. त्याची खूण म्हणजे रबरापासून लांब, खांबाच्या मधोमध आलेले फुगे. अशा गाडीत चौकटीची कड दुरुस्त करून भागत नाही, खांबाचं मूळ उघडावं लागतं.

## 4. कापणं आणि नवा पत्रा जोडणं

कापण्यापूर्वी दोन कामं. पहिलं, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलट. आकडे लिहून ठेवा. दुसरं, जाड पुठ्ठ्यावर कोपऱ्याचा आकार उतरवा. एका बाजूचा कोपरा शाबूत असेल तर त्याचा पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरता येतो.

फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून खांबाच्या मुळात कापायचं असेल तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचा आडवा टेकू टाक्यांनी बसवा. उघड्या टपाच्या गाडीत वर टपाचा आधार नसतो, काचेची चौकट नुसत्या दोन खांबांवर उभी असते. तिथे टेकू दिल्याशिवाय कटर लावायचाच नाही, आणि एका वेळी एकाच बाजूचं काम करायचं. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या तर चौकट मागे झुकते आणि मग कुठलीच काच बसत नाही.

कापताना एका दमात सगळं कापू नका. हाताच्या पंजाएवढा भाग कापा, तिथला पत्रा घडवा, जोडा, मग पुढचा भाग. कापल्यावर आतली पोकळी दिसेल. ती खरवडून, हवा मारून साफ करा. पुन्हा तिथे हात पोहोचणार नाही.

नवा तुकडा जुन्यावर चढवू नका. सगळ्यात जास्त आढळणारी चूक ही. गंजलेल्या कडेवर वरून पट्टी ठोकली की काम झटपट होतं, पण कडेची जाडी वाढते आणि रबराची खाच तिच्यावर पूर्ण उतरत नाही. शिवाय दोन पत्र्यांत नवी फट तयार होते आणि जुना गंज आत तसाच राहतो. तुकडा काठाला काठ लावून बसवा, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून. जिथे मूळचेच दोन थर आहेत तिथे दोन्ही थर वेगवेगळे घडवा आणि जोडण्यापूर्वी मधल्या बाजूंना वेल्डिंग सहन करणारं जस्ताचं प्रायमर मारा.

जोड सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तार वितळवून करतात ते) घ्या, 0.8 मिलिमीटरच्या तारेने. गॅस वेल्डिंगची उष्णता लांबवर पसरते आणि इतका पातळ पत्रा लाटेसारखा होतो. नुसते टाके घाला: एक इथे, पुढचा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये. हात लावता येईल इतकं गार झाल्यावर त्यांच्या मध्ये पुढचे. लवकर व्हावं म्हणून ओलं फडकं टाकून गार करू नका, पत्रा ताणतो. टाके एकमेकांना भिडेपर्यंत हे चालू ठेवायचं. एका कोपऱ्याला माझे तीन तास जातात आणि ते वाया गेले असं मला कधी वाटलं नाही.

सावध: वेल्डिंग चालू असताना एक माणूस फक्त आतल्या बाजूला बघायला ठेवा, हाताशी पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट. डॅशबोर्डमागच्या वायरी, राहिलेलं अस्तर, सीटचा काथ्या यांत ठिणगी धुमसत राहते. काम संपल्यावर निदान तासभर गाडीजवळून हलू नका.

तपासा: टाके घासून सपाट केल्यावर कर्ण पुन्हा मोजा. मग व्हर्नियरने कडेची जाडी बघा, ती वहीतल्या आकड्यात बसायला हवी. शेवटी नव्या रबराचा तुकडा कडेवर दाबून बघा आणि खुद्द काच रबराशिवाय चौकटीत अलगद धरून भोवतीची फट सगळीकडून सारखी आहे का ते पाहा. रंगानंतर कळून उपयोग नाही.

## 5. राहिलेले खड्डे

सुया आत गेला नाही पण पृष्ठभागावर काळे ठिपके आहेत, अशा पत्र्याला कापायची गरज नसते. ते ठिपके मात्र रिमूव्हरने काढावे लागतात. फॉस्फरिक ॲसिड गंजावर काम करून त्याचं फॉस्फेट करतं. ब्रशने लावा, बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवा, वायर ब्रशने घासा आणि गरज पडली तर पुन्हा लावा. मग ओल्या फडक्याने दोन-तीनदा स्वच्छ पुसून लगेच कोरडं करा, हेअर ड्रायर किंवा हीट गनने फटीही वाळवा. ॲसिड तसंच ठेवून त्यावर एपॉक्सी मारलं तर ते नीट धरत नाही आणि महिन्याभरात सोलून निघतं. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

## 6. प्रायमर, पुट्टी, सीलर, रंग: याच क्रमाने

उघडा पत्रा त्याच दिवशी झाकला गेला पाहिजे. सकाळी घासलं, दुपारी प्रायमर. उद्यावर टाकायचं असेल तर घासकामही उद्यावर टाका.

पहिला थर टू-के एपॉक्सी प्रायमरचा, थेट पत्र्यावर. दुकानात मिळणारा साधा रेड ऑक्साइड यावर पुरेसा नाही. तो ओल पूर्ण अडवत नाही आणि वर मारलेल्या रंगाच्या थिनरने मऊ पडतो. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचं घ्या, अंदाजाने ओतू नका. दोन पातळ थर, मधला वेळ डब्यावर लिहिल्याप्रमाणे.

एपॉक्सी वाळल्यावर, गरज पडलीच तर पुट्टी. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर कधीच नको. आणि रबर ज्या कडेवर बसतं तिथे पुट्टीचा थेंबही नको. काच बसवताना रबराचा ओढा तिथे पडतो, पुट्टी तडकते आणि तीच फट पुढच्या पाण्याची वाट होते. पुट्टी फक्त बाहेरून दिसणाऱ्या खांबावर, तीही पातळ.

मग जोडांवर सीम सीलर. बोटाने दाबून, फटीत जाईल असा. त्यावर सरफेसर (रंगाआधी मारून घासून सपाट करायचा थर), 400 चा पेपर आणि शेवटी रंग. रंग कडेच्या आतल्या बाजूलाही गेला पाहिजे. अनेक पेंटर रबराखाली काही दिसणार नाही म्हणून तिथे एकच धुरळा मारतात. गंज नेमका तिथूनच सुरू होतो, म्हणून उभं राहून दोन पूर्ण थर मारून घ्या.

सावध: टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हा रंग मारायचा नाही. बंद जागा असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क, नाहीतर ज्याच्याकडे तशी सोय आहे त्याच्याकडून हे काम करून घ्या.

सिलिकॉनची कोणतीही बाटली, डॅशबोर्डचं पॉलिशसुद्धा, रंग होईपर्यंत गाडीजवळ आणू नका. सिलिकॉन लागलेला हात पत्र्याला लागला तरी रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

## 7. पोकळीत वॅक्स

रंग पुरता वाळल्यावर, काच बसवण्याआधी, खांबांच्या आत आणि चौकटीच्या खालच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स फवारा. लांब नळीचा नोझल आत सारून मागे ओढत फवारायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या मागचा रंग जळालेला असतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. त्या पत्र्याला एवढंच संरक्षण मिळणार असतं. पाणी बाहेर पडायची भोकं वॅक्सने बुजली नाहीत ना, ते तारेने बघा. रंगाआधी वॅक्स मारलंत तर ते झिरपून रंग बिघडवतं.

## 8. रबर आणि काच

रंगाला किमान आठवडा द्या. कोवळ्या रंगावर रबर ओढलं की कडेचा रंग सालीसारखा निघतो, आणि केलेलं सगळं काम त्या एका ओरखड्यात जातं.

रबर आधी काचेवर चढवा, त्याचा सांधा खालच्या बाजूला मध्यभागी. पत्र्याच्या खाचेत नायलॉन दोरी पूर्ण फिरवून दोन्ही टोकं खाली वीतभर एकमेकांवरून घ्या. कडेला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगून मऊ पडतं. काच बाहेरून चौकटीवर ठेवून एकाने तळव्याने दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी काचेला समांतर ओढत जायची. दोरीबरोबर रबराचा ओठ कडेवरून आत येतो. दोरी अडली तर जोर करू नका, बाहेरच्याला त्याच जागी थोपटायला सांगा. दुपारचं ऊन रबराला लागू द्या, अर्धं काम तेच करतं.

रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न वाळणारं ब्यूटाइल सीलंट भरा. हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरू नका. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते पत्र्याला गंज लावतं. गळती थांबवायला म्हणून भरलेल्या या सिलिकॉनखाली मी सडलेल्या कडा पाहिल्या आहेत.

## 9. पाण्याची परीक्षा

आतलं अस्तर आणि डॅशबोर्ड बसवण्याआधी ही परीक्षा घ्या. आत खालच्या बाजूला कोरडी वर्तमानपत्रं अंथरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. पाइपने पाणी हलकं सोडा आणि सुरुवात खालून करा: आधी काचेखालचा खोलगट भाग, पाच मिनिटं. मग खालचे कोपरे, मग खांब, शेवटी टपाची कड. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही. जोराचा फवारा मारू नका, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं.

थेंब आत दिसला तर त्याच्या वरच्या बाजूला शोध घ्या. रबराचा ओठ उचलून तेवढ्याच भागात सीलंट भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. वर्तमानपत्र सलग दोन दिवस कोरडं निघालं की मगच अस्तर ताणा.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पायाखालची मॅट उचलून खालच्या पत्र्यावर हात फिरवा. नंतर दर पावसाळ्याआधी खोलगट भागातला पाला काढायचा आणि पाण्याच्या भोकांतून तार फिरवायची. दहा मिनिटांचं काम आहे.